निळी गाडी आणि दस्तगीरचा शब्द

सकाळी सव्वादहाला फोन वाजला आणि त्यावर दस्तगीरचं नाव आलं. आठ महिन्यांनी आलं. मी खिडकीशी बसून मेथी निवडत होतो. नाव बघितलं आणि मनात म्हटलं, आला लेकाचा वठणीवर. वाजू दे. लगेच उचलला तर त्याला वाटेल मी वाटच बघत होतो. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा नाही उचलला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोन उलटा करून ठेवला आणि मेथी निवडायला लागलो. मला आतून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आता हा स्वतः येईल, जिन्यात धापा टाकत उभा राहील, म्हणेल, "जगन्या, दार उघड, चुकलो." मग बघू, असं मी ठरवत होतो... तेवढ्यात पूनमचा फोन आला. पूनम माझी मुलगी, गुरुग्रामला ऑफिसात असते. म्हणाली, "अण्णा, तुम्ही फोन का उचलत नाहीयात? काकी कधीपासून लावतायत. दस्तगीरकाका गेले अण्णा. सकाळी चहा पिता पिता."

म्हणजे तो फोन त्याचा नव्हताच. त्याच्या फोनवरून त्याची बायको, जैतूनभाभी, मला सांगायला बघत होती.

दुपारच्या नमाजनंतर नेणार होते. पूनम ऑफिसातून निघाली, तासाभरात आमच्या फरीदाबादच्या घराखाली आली. मी धुतलेला सदरा घालून खाली उभा होतो. तिनं आतूनच वाकून डावीकडचं दार उघडलं. ती निळी गाडी. त्या गाडीत पाय ठेवणार नाही असं मी आठ महिन्यांपूर्वी बोललो होतो, आणि मी जे बोलतो ते करतो. म्हटलं, "तू पुढं हो. मी मेट्रोनं येतो." ती म्हणाली, "अण्णा, आज नको ना. आज तरी बसा." मी म्हटलं, "सांगितलं ना एकदा." मग मी मेट्रो धरली, मध्ये गाडी कितीतरी वेळ उभी राहिली, ओखल्याला उतरून रिक्षा केली, रिक्षा गल्लीत अडकली, पुढचं चालत गेलो. कबरस्तानात पोचलो तेव्हा माणसं नळावर हात धूत होती. ओल्या मातीचा ढीग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या, फाटकाबाहेर पूनम डोक्यावर ओढणी घेऊन उभी. तीन मुठी माती द्यायची असते. माझ्या हातची राहिली.

तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी जेवण होतं, त्या चाळिसाव्याला आपल्या मराठी मंडळाचे एक गृहस्थ तिथं आले होते. म्हणाले, तुम्ही त्यांचे जुने मित्र, मंडळाच्या अंकाच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहा, त्यांच्या चांगल्या आठवणी लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. लिहीन, पण जे झालं तेच लिहीन, हे त्यांना तिथंच सांगितलं. दस्तगीर चांगला माणूस होता आणि त्यानं मला फसवलं. दोन्ही लिहायचं असेल तर लिहितो, म्हटलं. ते म्हणाले लिहा. शुद्धलेखन त्यांनी बघावं.

आम्ही दोघं एका मंत्रालयात स्टाफ कारचे ड्रायव्हर होतो. मी कराडकडचा, तो तासगावचा. मी गॅरेजात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा तिथं सगळे हरियाणा, गढवाल, बिहारकडचे. हिंदी मला "हाँ जी" पलीकडं येत नव्हती. एक माणूस बोनेटमध्ये डोकं घालून स्वतःशीच बोलत होता, "आयला, परत गळायला लागला की हा." मी म्हटलं, "पाना देऊ का?" त्यानं डोकं बाहेर काढलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "साताऱ्याचा काय रे तू?" "कशावरून?" "न विचारता मदतीला आलास आणि तोंड मात्र उपकार केल्यासारखं." असा तो. पहिल्या वाक्यापासून चिमटे. तो सातवीपर्यंत शिकलेला. गाडीचं लॉगबुक भरायला लागायचं, कुठून निघालो, कुठं गेलो, किती किलोमीटर, साहेबांची सही. मला ते जमायचं नाही. पहिलं वर्षभर माझं लॉगबुक त्यानं भरलं. कुणाला कळू दिलं नाही. मग एक दिवस पेन माझ्या हातात देऊन म्हणाला, "आजपासून तू. मी काय तुझी बायको आहे का रोज डबा भरून द्यायला?" आणि शेजारी बसून एकेक रकाना शिकवला.

ड्रायव्हरचं काम म्हणजे लोकांना वाटतं नुसतं स्टिअरिंग. तसं नाही. साहेब मागं डाव्या बाजूला बसतो. तो फायली वाचत असतो, त्याला झटका बसला नाही पाहिजे, ब्रेक लागला हे त्याला कळलंच नाही पाहिजे. मागच्या डाव्या सीटवरचा माणूस गाढ झोपला तर समजायचं आज गाडी चांगली चालवली. आणि दुसरी गोष्ट, गाडीत जे होतं ते ड्रायव्हर गाडीबाहेर नेत नाही. साहेब फोनवर कुणाला काय बोलला, मेमसाहेब का रडली, आरशातून सगळं दिसतं, पण बाहेर बोलायचं नाही. आणि ड्रायव्हरनं ड्रायव्हरचं तर कधीच बोलायचं नाही. गॅरेजात कुणाची गाडी घासली, कुणाला डुलकी लागली, सगळ्यांना ठाऊक असायचं, पण वरून कुणी विचारायला आलं की सगळ्यांची तोंडं बंद. नोकरीला लागल्यावर आम्ही ते पहिलं शिकलो.

ते मी कसं पाळलं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. रमजानचे दिवस होते, कडक ऊन. दस्तगीर रोजा धरून गाडी चालवत होता, मी शेजारी, आम्ही एका साहेबांच्या बंगल्यावर फायली द्यायला निघालो होतो. बंगल्याच्या तोंडाशीच त्याचा डोळा लागला आणि गाडी गेटच्या खांबावर गेली. मडगार्ड आत गेलं, दिवा फुटला. कुणाला लागलं नाही. पण दस्तगीरच्या नावावर आधीच एक मेमो होता, आणि गॅरेजचा साहेब त्याच्यावर डूख धरून होता. दुसरा मेमो म्हणजे नोकरीच गेली असती. जैतूनभाभी तेव्हा बाळंतपणाला टेकलेली. शिपाई धावत यायच्या आत मी उतरलो, गाडीला वळसा घालून त्याच्या दाराशी गेलो आणि म्हटलं, "सरक तिकडं." तो म्हणाला, "जगन्या, नको." मी त्याला ढकललाच. चौकशीत मी सांगितलं, गाडी मी चालवत होतो, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. मला कामावरून काढून घरी बसवला, नंतर परत घेतला, पण बढती अडकली ती अडकलीच, माझ्यामागून आलेले पुढं गेले. माझी शालन, पूनमची आई, तिला पण मी खरं सांगितलं नाही. ती देवाघरी गेली तेव्हाही तिला वाटत होतं की गाडी मीच ठोकली होती. त्यानं मला सांगितलं नव्हतं खोटं बोल म्हणून. मी न सांगता बोललो.

त्यानंतर दस्तगीर आमच्या घरचाच झाला. पूनमला सायकल त्यानं शिकवली, मी ड्यूटीवर असायचो. ईदला शिरखुर्मा आमच्याकडं पातेलंभर यायचा आणि आमच्या पुरणपोळ्या तो उभ्या उभ्या खायचा, वरून म्हणायचा, "वहिनी, जगन्याला कमी घाला, त्याचं पोट स्टिअरिंगला लागतंय." रिटायर झाल्यावर मी फरीदाबादला छोटा फ्लॅट घेतला, तो ओखल्याला राहिला. आठवड्यातून एकदा तरी भेट. शालन गेल्यावर तर दोनदा.

आता गाडीचं. पूनम गुरुग्रामला चांगल्या हुद्द्यावर गेली. रोज कॅबनं जायची, फरीदाबाद आणि गुरुग्रामच्या मधल्या डोंगरातल्या रस्त्यानं, कधी कॅब यायची नाही, कधी ड्रायव्हर दारू प्यालेला. मागच्या वर्षी म्हणाली, "अण्णा, मी गाडी घेते." मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. जन्मभर मी दुसऱ्यांची माणसं मागच्या सीटवर बसवून फिरवली. त्यांच्या मुली कॉलेजला सोडल्या, त्यांना आणायला उन्हात उभा राहिलो. आता माझी मुलगी मागं डाव्या बाजूला बसेल, लॅपटॉप उघडेल, आणि मी तिला झटका न लागता ऑफिसच्या दारात उतरवीन. लोक म्हणतील पूनम मॅडमची गाडी आली. हे मी तिला बोललो नाही, बोलायचं काय त्यात, मला वाटलं तिला ठाऊकच असणार. ती म्हणत होती, "मला स्पोर्टी पाहिजे अण्णा, पण रोज चालवायला प्रॅक्टिकल." मी दस्तगीरला विचारलं, स्पोर्टी म्हणजे काय रे? तो म्हणाला, "म्हणजे तुझ्यासारखी नाही. सांगितलं की ऐकणारी, आणि हलणारी."

शोरूमला जायच्या आधी आम्ही दोघं एका ओळखीच्या माणसाची जुनी गाडी बघायला निघालो होतो. गाडी दस्तगीरनं कुणाची तरी मागून आणलेली, चालवत होतो मी, तो शेजारी. आमच्या इथल्या बाजाराचा रस्ता अरुंद. मी हळूच चाललो होतो. अचानक दस्तगीर ओरडला आणि त्यानं माझ्या हातावरून स्टिअरिंगच ओढलं. डाव्या आरशाचा आवाज झाला, पेरू रस्त्यावर घरंगळायला लागले. एक म्हातारा रेहडीवाला होता, पेरूची हातगाडी लावून उभा, त्याचं कोपर सोललं. दस्तगीर उतरला, त्याची माफी मागितली, स्वतःचा रुमाल त्याच्या हाताला बांधला, खाली बसून सगळे पेरू गोळा केले. मी गाडीतच बसून होतो. परत आला, दार लावलं.

मग म्हणाला, "जगन्या, तुला रेहडी दिसली नाही?"

"दिसली की. तोच मध्ये आला."

"तो उभा होता लेका. आपण जवळ गेलो."

"मग आरसा बाहेर आला असंल."

"डोळे दाखव."

"डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या? समोरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवू?" आणि वाचून दाखवला, एक अक्षर चुकलं नाही. तो म्हणाला, "समोरचं नाही म्हणत मी." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घराजवळ आल्यावर मात्र मी म्हटलं, "पूनमला सांगायचं नाही हे." तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "शब्द दे, दस्तगीर." "दिला." एवढंच म्हणाला. माझा हात हातात घेऊन म्हणाला.

दोन रविवारांनी आम्ही तिघं शोरूमला गेलो. पूनमनं फोनवर तीन गाड्या काढून ठेवल्या होत्या. एक लांब, डिक्कीवाली, पांढरी. एक उंच, जीपसारखी दिसणारी पण जीप नव्हे. आणि एक बुटकी, मागून कापल्यासारखी, निळी, जिचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. पूनम त्या निळीभोवतीच घोटाळत होती. "टर्बो आहे अण्णा, गिअर हातानंच टाकायचे, तुम्हाला आवडतं तसं." मी खाली वाकून बघितलं, पोट जमिनीला किती जवळ. डिक्की उघडून स्टेपनी मागितली तर शोरूमवाला म्हणाला, स्टेपनी नाही येत साहेब, पंक्चर किट येतं. मी म्हटलं, "मग डोंगरात टायर फाटला तर किटनं काय फुंकर मारायची?" दस्तगीर हसला. मी म्हटलं, टायर रुंद आहेत, मायलेज खाणार, जॅममध्ये क्लच दाबून दाबून पोरीचा गुडघा जाणार. हे सगळं खरंच होतं, पण खरं कारण वेगळं होतं. त्या गाडीला मागं बसायला जागाच नव्हती. दप्तर ठेवायची जागा ती.

पांढरी गाडी चालवून बघायची ठरली. मी सरळ स्टिअरिंगवर बसलो आणि पूनमला मागचं डावं दार उघडून दिलं. ती दाराशीच थांबली. "मी मागे का बसू अण्णा? चालवणार तर मी आहे ना?"

"बस तू आधी. गाडी मागच्या सीटवरनं कळते."

"यार अण्णा, मी काय मिनिस्टर आहे?"

"बस म्हणतोय ना."

शोरूमवाला पुढं बसायला निघाला तर दस्तगीरनं त्याला हातानं अडवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसला. शोरूमवाला मागं गेला. मी गाडी अशी चालवली की ग्लासातलं पाणी हललं नसतं. आरशात पूनम दिसत होती, खिडकीतून बाहेर बघत, शालनसारखी मान कलती ठेवून. तेवढा एक फेरा... तेवढा एकच फेरा मला मिळाला. गोल चक्करला डावीकडून कुणी मोटारसायकल घातली, दस्तगीर म्हणाला, "डावीकडं बघ, डावीकडं," आणि मी सावरलं. परत आल्यावर मी म्हटलं, ही घ्या. पूनम म्हणाली, "अच्छा, बघू ना. घरी बोलू." मी म्हटलं, बोलायचं काय त्यात. दस्तगीर मात्र गप्प होता. मला वाटलं उन्हानं थकला असेल.

मग पंधरा दिवस पूनम काही बोलली नाही. एका शनिवारी सकाळी म्हणाली ऑफिसला जाऊन येते, आणि दुपारी खाली हॉर्न वाजला. गॅलरीतून बघितलं तर निळी गाडी, बोनेटवर झेंडूचा हार, पूनम स्टिअरिंगवर, आणि शेजारी कोण, तर दस्तगीर. हातात नारळ. मी चपला न घालता खाली गेलो. शेजारची चार माणसं पण आली होती. "सरप्राइज अण्णा!" पूनम म्हणाली. राग आला होता, पण तिचं तोंड बघून मी गिळला. म्हटलं ठीक आहे, मागं जागा नाही तर नाही, पुढं बसेल. गाडी तर आलीय. हात पुढं केला, "दे चावी. पहिला चक्कर मी मारतो."

पूनमनं चावी मुठीत धरली. दिली नाही. मूठ मिटून पोटाशी घेतली आणि हळूच म्हणाली, "अण्णा... आधी डोळे दाखवून घेऊ या ना. मग चालवा. बिल्कुल चालवा."

मी दस्तगीरकडं बघितलं. तो नारळाची शेंडी सोलत होता. सोललेल्या नारळाची शेंडी.

चारचौघांत मी त्याला म्हटलं, "दस्तगीर, मी तुझ्यासाठी खोटं बोललो होतो. तुला नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंही झालं नाही तुझ्याच्यानं?" तो म्हणाला, "मी काही बोललो नाही, जगन्या." मी म्हटलं, "मग तिला काय स्वप्न पडलं? चल निघ इथून. आणि ह्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, हे पण ऐकून जा." त्यानं नारळ पूनमच्या हातात दिला आणि मेट्रोकडं चालत गेला. मागं वळून बघितलं नाही. मी पण हाक मारली नाही.

पुढचं महिनाभर मला गॅलरीतून रोज एक दृश्य बघावं लागलं. पूनमला डोंगरातल्या रस्त्याची सवय नव्हती, म्हणून दस्तगीर पहिल्या मेट्रोनं ओखल्याहून यायचा, खाली तिच्या शेजारी बसायचा, गुरुग्रामपर्यंत जायचा आणि तिकडून एकटा परत यायचा. ज्या गाडीचं स्वप्न मी बघितलं त्या गाडीत माझ्या मुलीबरोबर तो. दोनदा जिना चढून आला, दार वाजवलं. "जगन्या, दोन मिनिटं." मी आत रेडिओ मोठा केला. पूनम म्हणायची, "अण्णा, एकदा बोलून तर बघा." मी म्हणायचो, तुमचं तुम्ही बघा, दोघं पुरेसे आहात.

अजून एक सांगतो, नाहीतर हे लिहिणं अर्धंच राहील. ते सगळं झाल्यावर महिन्यानं मी एकटाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, पूनमला न सांगता. डॉक्टरीणबाईनं एका यंत्रात डोकं घालायला लावलं आणि दिवा दिसला की बटण दाबा म्हणाली. मी दाबत होतो, मला वाटलं सगळे दाबले. तिनं कागद दाखवला, डावीकडचा सगळा काळा. काचबिंदू. म्हणाली, समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, बाजूचं जातं, आणि गेलेलं माणसाला कळत नाही. जे गेलंय ते परत येणार नाही, उरलेलं औषधानं राखू. तेव्हापासून पूनम ऑफिसला गेली की मी थेंब घालतो आणि बाटली फ्रीजच्या कोपऱ्यात लपवतो. म्हणजे दस्तगीरचं बरोबर होतं, हे मला सात महिने ठाऊक होतं. त्या दिवशी त्याला फोन करता आला असता. नाही केला. माणूस बरोबर होता म्हणून त्यानं केलेला दगा कमी होत नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. उलट तो बरोबर होता ह्याचाच जास्त राग आला.

चाळिसाव्यालाही मी मेट्रोनंच गेलो. जैतूनभाभीनं मला पुढ्यात बसवून जेवायला वाढलं. एका शब्दानं म्हणाली नाही की तुम्ही फोन का उचलला नाही. वाढताना फक्त म्हणाली, "भावजी, थोडा भात घ्या अजून." ते मला जास्त लागलं. जेवण झाल्यावर जिन्यात पूनम भेटली. तिला मी इतक्या महिन्यांत न विचारलेलं विचारलं. "तुला नक्की काय सांगितलं होतं त्यानं?"

ती म्हणाली, "काही नाही सांगितलं अण्णा. मीच गेले होते त्यांच्याकडे, शोरूमनंतर. म्हटलं, काका, अण्णांना वाटतंय ते मला रोज ऑफिसला सोडतील. त्यांचं मन मोडवत नाही. ती पांढरी घेऊन टाकू का? बसू का मी मागे?"

"मग?"

"मग काय, कप हातात घेऊन बसले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, 'बेटा, हे मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय.' बस, एवढंच. मी घाबरले. शोरूमची ती फेरी एकदम डोळ्यांसमोर आली, ती मोटारसायकल, काकांचं ते 'डावीकडं बघ'."

मी जिन्यातच हिशोब लावला. म्हणजे त्यानं पेरूचं सांगितलं नव्हतं, म्हाताऱ्याचं सोललेलं कोपर सांगितलं नव्हतं, त्यानं स्टिअरिंग ओढलं तेही नाही. शब्द पाळला म्हणायचा. पण पोर हुशार आहे, असं उत्तर दिल्यावर तिला कळणार हे त्याला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. "बस बेटा मागे, जगन्यासारखा ड्रायव्हर नाही," एवढंच बोलायचं होतं. दोन वाक्यं. मी त्या गेटपाशी कुणी न सांगता बोललो होतो, ह्याला ठरवूनही बोलता आलं नाही. मी आजही म्हणतो, त्यानं मला फसवलं. त्यानं माझ्या तोंडावर मला अडवायला पाहिजे होतं, कॉलर धरून दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. तीनदा सांगितलं त्यानं, हे खरं. चौथ्यांदा सांगायचं होतं. मित्रानं किती वेळा सांगायचं असतं ह्याला काही नियम आहे का?

फक्त एक गोष्ट त्या जिन्यात मला सुचली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. त्या दिवशी बंगल्याच्या गेटवर गाडी ठोकली तेव्हा मागच्या सीटवर कुणीच नव्हतं.

खाली आलो. पूनम नेहमीप्रमाणे म्हणाली, "मेट्रोपर्यंत सोडू का?" तिला उत्तर माहीत होतं, चावी फिरवायलाही लागली होती. मी डावीकडचं दार उघडलं आणि बसलो. तिनं नुसता आपला पट्टा लावला. शहाणी आहे. सीट एवढी मागं होती की मी आत जवळजवळ आडवाच झालो. म्हणाली, "खाली दांडी आहे अण्णा, ती ओढून पुढे घ्या. काकांनी मागे केली होती, त्यांचे पाय लांब ना. त्यांच्यानंतर तिथे कुणी बसलंच नाही." मी हात खाली घातला, दांडी हाताला लागली. मग हात वर घेतला.

पोरगी चांगली चालवते. आरसा बघते, मान वळवून बघते, घाई नाही. बदरपूरच्या अलीकडं पुढची बस एकदम थांबली. ड्रायव्हर माणूस शेजारच्या सीटवर बसला तरी त्याचा उजवा पाय गप्प बसत नाही, तो ब्रेक शोधतोच. माझाही गेला. पण सीट इतकी मागं की पाय कुठं टेकलाच नाही, हवेतच राहिला. गाडी थांबली. बसपासून चांगलं चार हात अंतर ठेवून थांबली, मला झटका असा लागलाच नाही.

पूनमनं माझ्या पायाकडं बघितलं. "अण्णा, सीट पुढे घेऊ?"

"राहू दे," मी म्हटलं. "आहे तिथंच राहू दे."